मालातली फरशी

आमचे घरमालक माणसाशी बोलण्याआधी त्याच्या पायाखालच्या फरशीशी बोलत. केजमधली त्यांची वरची जागा बघायला मी गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, एवढंच काय, एकटी राहणार का हेसुद्धा विचारलं नाही, जे त्याआधीच्या प्रत्येक घरमालकाने विचारलं होतं. त्यांनी मला चपला जिन्यात काढायला लावल्या, सदऱ्याच्या खिशातून बाभळीची एक आखूड खुंटी काढली, उकिडवे बसले आणि फरशीवर टकटक करत दारापासून खिडकीपर्यंत सरकत गेले. खिडकीशी पोचल्यावर मान वळवून म्हणाले, "ऐकलं का?"

"हो," मी म्हणाले. टकटक मला ऐकू आली होती.

"पोकळ वाटली कुठं?"

"नाही."

"वाटणारच न्हाई. मालातली फरशी हाय ही."

जागा मला मिळाली. "मॅडमला कान हाय," असं ते नंतर लोकांना सांगत. मला कान वगैरे काही नाही. मी कमी बोलते, आणि कमी बोलणारं कोणी समोर असलं की बडबड्या माणसाला वाटतं, हे आपलंच ऐकतंय. त्या गैरसमजावर मला दोन खोल्या मिळाल्या आणि त्याच गैरसमजापायी पुढे वाळू, सिमेंट आणि टाइल्स यांच्याविषयी इतकं ऐकावं लागलं, की माझ्या जागी दुसरी कोणी असती तर एव्हाना कंत्राटदार झाली असती.

मी बीडची. शिक्षण सगळं इंग्रजी माध्यमात झालं आणि केजच्या एका इंग्रजी शाळेत नोकरी लागली. शनिवारी दुपारच्या एस.टी.ने घरी जायचं, सोमवारी पहाटे परत यायचं. मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम.

काका निवृत्त ग्रामसेवक होते. नोकरीत असताना काही शाळाखोल्या आणि एक पाण्याची टाकी त्यांच्या डोळ्यांदेखत बांधली गेली होती. डोळ्यांदेखत म्हणजे समोर खुर्ची टाकून ते बसले होते. एवढ्या भांडवलावर त्यांना बांधकामातलं सगळं कळू लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतः थापी हातात घेतली, आणि तेव्हापासून दुसऱ्या कोणाला काही कळतं हे त्यांनी मानणंच सोडलं. इंजिनियर कागदावरचे, मिस्त्री घाईवरचे, दुकानदार जाहिरातीवरचे. भुईवरचे एकटे काका.

सिमेंट, वाळू आणि पाणी कालवून होतो तो माल. टाइल आधी पाण्यात भिजवायची, मालावर बसवायची, ठोकून सारखी करायची आणि मग दिवसच्या दिवस तिच्यावर पाणी मारत राहायचं, ही जुनी पद्धत. नवी पद्धत म्हणजे गोणीत येणारी पावडर. ती कालवायची, दातेरी पत्र्याने पसरायची, टाइल दाबायची आणि चहा प्यायला जायचं. दुकानदार तिला ॲडेसिव्ह म्हणतात, मिस्त्री केमिकल म्हणतात. काका डिंक म्हणत.

"डिंकानं पाकीट चिकटतं. घर न्हाई."

हे वाक्य त्यांनी बँकेत म्हटलं, कटिंगच्या दुकानात म्हटलं, मयतीला गेल्यावर स्मशानातल्या ओट्यावर बसून म्हटलं. माझे आईवडील जागा बघायला आले, वडिलांनी विचारलं, "इथं पाण्याचं कसं आहे?" तर त्यावरही काकांनी हेच म्हटलं. परतताना वडील मला म्हणाले, "माणूस निरुपद्रवी दिसतो." माणसांच्या बाबतीत वडिलांचे अंदाज नेहमीच चुकतात.

तहसील कचेरीत त्यांना एकदा कसला तरी दाखला हवा होता. रांगेत पुढे दोनच जण राहिले असताना त्यांना पायाखाली पोकळ आवाज आला. काका खाली बसले आणि खुंटीने ठोकत ठोकत रांगेबाहेर गेले. परत आले तोवर खिडकी बंद झाली होती. घरी येऊन ते काकूंना सांगत होते, "सरकारी इमारत, अन् दारातच चार पोकळ. काय काम करणार हे लोक?" दाखला मिळाला का, असं काकूंनी विचारलं. त्यावर ते रागावले.

पण हे आपल्याच वेळेचं नुकसान होतं. शेजारच्या गुरुजींच्या वास्तुशांतीत त्यांनी जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. गुरुजींनी दहा वर्षं भाड्याच्या घरात काढून स्वतःचं घर बांधलं होतं. हॉलमध्ये पंगत बसली होती. बुंदी वाढून झाली होती, श्लोक चालू होता. काका पानावरून उठले आणि दोन पंगतींच्या मधून उकिडवे चालत निघाले. टक, टक, टक. बायकांनी पदर आवरले.

"ही पोकळ," काका मोठ्याने म्हणाले. "ही बी पोकळ. गुरुजी, देवघरापुढची तर पार ढोल वाजायलीय."

"काका, आधी जेवून घ्या," गुरुजी म्हणाले.

"जेवण कुटं पळतंय? डिंकात बसवलीय ना? मी सांगितलं व्हतं."

"तेवढं जेवा."

"मला काय, मी जेवीन. पाच वर्षानं फरशी उचलंल तवा माझी आठवण काढा."

गुरुजींच्या म्हाताऱ्या आई डोळ्याला पदर लावून बसल्या. नव्या घरात पहिल्या दिवशी अपशकुनाचं बोलू नये, एवढंच त्या पुटपुटत होत्या. गुरुजींचा मेहुणा वाढप्याला ओरडला, "बुंदी वाढ बे ह्यांना! तोंड तरी बंद हुईल." सगळे हसले. काकाही हसले. आपल्याला आग्रह होतोय असं त्यांना वाटलं. उजव्या हाताने बुंदी खात ते डाव्या हाताने शेजारची फरशी वाजवत राहिले. गुरुजींची फरशी अजून जागच्या जागी आहे. काकांना कोणी वास्तुशांतीला बोलवायचं मात्र बंद झालं. त्याचं कारण, त्यांच्या मते, लोकांना खरं सोसत नाही.

काकू तलवाड्याच्या. माहेरी मेंढरं होती, लहानपण मेंढरांमागे चालण्यात गेलं. आता त्यांचे दोन्ही गुडघे गेले होते. सकाळी त्या कढत पाण्याने अंघोळ करत, गुडघ्यांवर तांब्याने पाणी सोडत, आणि मग कुठे दिवसभर चालण्याजोग्या होत. घरातल्या घरात त्या भिंतीला हात लावत लावत चालायच्या. तोंड मात्र त्यांचं उत्तम चालायचं.

"हे मला बघायला आलते ना," त्यांनी एकदा मला सांगितलं, "तवा बी भिंतीकडंच बघत व्हते. माझी आजी म्हणली, पोरगा लाजतोय. मला काय ठावं, ह्यो गिलावा बघायलाय!"

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. तो दिवाळीला आला तेव्हा खालच्या जुन्या न्हाणीत आई पाय कसे उचलून टाकते ते त्याने पाहिलं. उंबरा फोडून टाका, बसायला ओटा करा, धरायला दांडा लावा, असं त्याने वडिलांना सांगितलं, आणि जायच्या आधी स्वतः दुकानात जाऊन भिंतीसाठी मोठ्या, चकचकीत टाइल्स निवडून ठेवल्या. काका एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मुलाची एस.टी. सुटली, त्याच दुपारी त्यांनी घण आणला आणि न्हाणी फोडली. दांडा, ओटा, काकूंचे गुडघे, सगळं त्या घणाच्या पहिल्या दणक्याला त्यांच्या डोक्यातून गेलं. उरली ती भिंत.

दुकानदाराने टाइल्सबरोबर न मागता केमिकलची एक गोणी पाठवली होती. "काका, ही टाइल पाणी पीत न्हाई," त्याने फोनवर सांगितलं. "पाठीमागून बी गुळगुळीत असती. भिंतीवर माल धरायचा न्हाई तिला."

काकांनी मला खाली बोलावलं. गोणीवर सगळं इंग्रजीत लिहिलेलं होतं.

"मॅडम, वाचा जरा. काय म्हणतोय हा?"

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. भिंत स्वच्छ करा. पावडर एवढ्या पाण्यात कालवा. टाइल भिजवू नका.

"काय? पुन्हा सांगा."

"टाइल भिजवू नका."

काका खुर्चीत मागे रेलले. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता. "ऐकलं का गं?" त्यांनी आत हाक मारली. "टाइल भिजवू नका म्हणतोय! सिमेंटच्या कामाला पाणी नको! उद्या म्हणतील, भाकरीला पीठ नको!" त्या आठवड्यात घरी आलेल्या प्रत्येकासमोर मला खाली बोलावून ते वाक्य वाचायला लावलं गेलं. दूधवाल्यासमोरही. पुढे मी जिन्यावरून त्यांचा आवाज आला की दार लावून घ्यायला लागले.

मिस्त्री आला तो एका दिवसापुरताच. काकांनी टाइल्स हौदात बुडवून ठेवलेल्या पाहून तो कपाळाला हात लावून उभा राहिला.

"सायेब, ह्या कावून भिजवल्या?"

"पाणी पिल्याशिवाय माल धरंल का?"

"ह्या पीत न्हाईत. भट्टीतच पक्क्या झाल्यात. रातभर ठिवा न्हाईतर सालभर, थेंब बी आत जायचा न्हाई."

"पाजलं की पितेत."

"मग म्हशीला पाजा, दूध तरी दील," मिस्त्री म्हणाला, आणि आपली थापी पिशवीत टाकून निघून गेला. दुसरा कोणी मिळण्यासारखा नव्हता. दिवाळी होऊन गेली होती, हाताखाली काम करणारी माणसं उसाला गेली होती. काकांना तेच हवं होतं. आता भिंत त्यांची एकट्याची होती.

मला त्या हौदाविषयी सांगितलं पाहिजे. केजला नळ रोज येत नाही. आठवड्याने येतो, कधी त्याहून उशिरा येतो, आणि येतो तेव्हा सगळी गल्ली कामं टाकून नळाशी उभी असते. त्या पाण्यात खालचं आणि वरचं अशी दोन घरं भागायची. आता त्याच हौदात टाइल्स बुडालेल्या होत्या. त्या बुडाल्या होत्या तोवर हौदात बादली बुडवायची नाही, कारण बादलीची कड लागून टाइलचा टवका उडेल. मग लावलेल्या ओळींवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं आलं. काका झारी घेऊन भिंतीसमोर उभे राहत आणि देवाला अभिषेक करावा तसे पाणी सोडत. मी वर अर्ध्या बादलीत अंघोळ, कपडे आणि फरशी पुसणं बसवत होते. जे पीत नाही त्याला पाजणं चालू होतं, आणि जी पितात ती माणसं घागर घेऊन गुरुजींच्या दारात उभी होती. डिंकाच्या घरात, हेही लिहून ठेवते.

एका दिवसाला एकच ओळ, असा काकांचा नियम होता. ओळ "बसली" पाहिजे. पुष्कळदा ती खरोखरच बसायची, म्हणजे घसरून खाली यायची. मग ती काढून पुन्हा.

या सगळ्या काळात काकू अंघोळीला माझ्याकडे वर येऊ लागल्या. पहिल्या दिवशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "माय, तुझी न्हाणी उसनी देती का? ह्यांचं झालं की परत करते." मला हसू आलं. जिन्याला कठडा होता, तो धरून त्या एकेक पायरी दोन्ही पायांनी चढत. वर आल्या की दम खात माझ्या पलंगावर बसत आणि मी हीटर लावलेली बादली तापायची वाट बघत. ज्यांच्या गुडघ्यांसाठी न्हाणी फोडली होती, त्यांना त्याच गुडघ्यांनी रोज जिना चढावा लागत होता. हे काकांच्या लक्षात आलं नाही असं नाही. मी त्यांना जिन्याखाली उभं राहून वर बघताना पाहिलं आहे. "हळू," ते म्हणायचे. "माल वाळायला टाइम तर लागणारच."

"माल वाळंल हो," काकू पाठ न वळवता म्हणायच्या. "मी वाळून चालले त्याचं बघा. न्हाईतर कपिलधारला नेऊन बसवा धबधब्याखाली."

अखेर भिंत पूर्ण झाली. दिसायला छान होती, हे कबूल केलं पाहिजे. सांधे सरळ रेषेत, कुठे उंचसखल नाही. काकू पुन्हा खाली अंघोळ करू लागल्या, आणि मला वाटलं संपलं.

रविवारची दुपार होती, मी त्या आठवड्यात बीडला गेले नव्हते. खालून मोठा आवाज आला. धावत गेले तर न्हाणीच्या दारात काकू भिंतीला धरून उभ्या होत्या आणि आत, त्या जिथे बसतात त्या जागेवर, एक आख्खी टाइल पडून तिचे तुकडे झाले होते. प्लास्टिकची बादली मधोमध चिरली होती. काकू केस पुसायला टॉवेल घ्यायला बाहेर आल्या होत्या, म्हणून वाचल्या. गुरुजी आले, समोरच्या बाई आल्या. काका आले, पण ते काकूंकडे आले नाहीत. ते टाइल पडलेल्या जागेकडे गेले. तिथे मालाचा थर जसाच्या तसा भिंतीला होता, आणि टाइलचा एकेक तुकडा पाठीमागून स्वच्छ, चकचकीत, जणू दुकानातून आत्ताच आणलेला. माल तिला लागलाच नव्हता. मलासुद्धा ते दिसत होतं.

काकांनी एक तुकडा उचलला, उलटासुलटा केला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ही लई कढत पाणी घेते."

गुरुजी चिरलेली बादली उचलून बाजूला ठेवू लागले.

"मी किती डाव सांगितलं, कोमट घेत जा. कढत पाण्याची वाफ सांध्यात शिरली, माल फुगला, टाइल सुटली. दुसरं कारणच न्हाई. मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. उष्णतेनं प्रसरण होतं का न्हाई?"

काकूंचे केस अजून ओले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कोणाकडेच पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या.

मी चार माणसांत बोलत नाही. पण त्या दिवशी बोलले. "काका, काकू वरही कढतच पाणी घेत होत्या. तिथली एकही टाइल पडली नाही."

"त्या लहान हायेत. मातीच्या. पाणी पितेत."

"मग या पीत नाहीत, असं मिस्त्री म्हणाला होता ना."

गुरुजी खोकले. समोरच्या बाई पदरात हसल्या. काका माझ्याशी त्यानंतर पुष्कळ दिवस बोलले नाहीत, आणि केजमधले ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

मालाशी माझं भांडण नाही. माझ्या वरच्या न्हाणीतल्या टाइल्स मालातल्याच होत्या, जुन्या, मळकट आणि पक्क्या. माल आपलं काम करतो, केमिकल आपलं काम करतं, दोघांनाही त्यात अभिमान वाटत नाही. भिंतीवरून टाइल पडते याचंही मला काही नाही. चूक कोणाचीही होते. पण जी बाई त्या टाइलखाली थोडक्यात सापडायची राहिली, तिचा जीव वाचला याचा उच्चार न करता तिच्या अंघोळीच्या पाण्यावर आळ घ्यायला, आणि तोही गल्ली गोळा झालेली असताना, माणूस वेगळ्याच मालाचा बनलेला असावा लागतो.

काकांनी सगळी भिंत उतरवली. मुलाने पुण्याहून फोन करून सांगितलं, विनवलं, शेवटी ओरडला; फोन स्पीकरवर होता, वरपर्यंत ऐकू आला. "पप्पा, ती गोणी वापरा! आईच्या डोक्यात पडली असती!" काका म्हणाले, "तुझी आई कोमट घील आता." गोणी अंगणात होती. तिच्यात दमट हवा शिरून तिचा धोंडा झाला. पुढे काकू तिच्यावर बसून भाजी निवडत.

दुसऱ्या वेळी त्यांनी काय काय केलं ते मला पूर्ण सांगता येणार नाही. प्रत्येक टाइलची पाठ त्यांनी कटरने आडवीतिडवी ओरखडली. त्यावर सिमेंटचा घोळ फासला, तो वाळून खरखरीत होऊ दिला, मग माल लावला. सगळी गल्ली कटरच्या धुळीने पांढरी झाली. उन्हाळा लागला होता, टँकर सुरू झाले होते, आणि हे भिंतीवर पाणी मारत होते. काकू रोज वर येत होत्या. आता त्या टाइलविषयी काही बोलत नसत, विनोदही करत नसत. अंघोळ करत, साडी नेसत, पलंगावर बसून केस विंचरत, आणि म्हणत, "बरंय तुझं. दार लावलं की आपलं घर."

आणि भिंत टिकली. याहून चांगला शेवट मला आवडला असता, पण ती टिकली. काकांनी खुंटीने वरपासून खालपर्यंत वाजवली, एकही पोकळ नाही. महिनाभर थांबले, पुन्हा वाजवली. मग त्यांनी न्हाणीची पूजा केली. न्हाणीची पूजा मी आजवर दुसरीकडे कुठे पाहिलेली नाही. नारळ फोडला, गुरुजींना बोलावलं, समोरच्यांना बोलावलं, त्या मिस्त्रीलासुद्धा निरोप धाडला. तो आला नाही. काकूंनी सगळ्यांना चहा दिला. गुरुजी चांगले आहेत, ते म्हणाले, "भक्कम झालंय, काका." काका एकेकाला आत नेऊन आवाज ऐकवत होते. गिझर बसवून गरम पाण्याचा नळही घेतला होता. "आता घेऊ दे किती कढत घेती ती," ते म्हणाले, आणि मोठ्या मनाने काकूंकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारावर थाप पडली. काकू टॉवेल आणि साडी घेऊन उभ्या होत्या.

"काकू? खाली नाही का—"

"तू तापत ठेव बादली," त्या म्हणाल्या.

काका जिन्याच्या तळाशी आले. "अगं, इकडं कुटं? खाली झालंय की आता!"

"झालंय ना. लई चांगलं झालंय."

"मग?"

"माझं पाणी कढत असतंय. तुमच्या भिंतीला सोसायचं न्हाई."

"आता सोसंल. मी सांगतो ना, आता उकळतं घातलं तरी—"

"कशाला घालायचं? एवढी मेहनत केली तुमी. उगं माझ्यापायी सुटली तर चार माणसांत पुन्हा माझंच नाव येईल." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मेंढरू भलतीकडे वळलं तर त्याला आवाज द्यावा, तसं त्या सांगत होत्या. "भिंत तुमची हाय. तुमी न्हावा तिच्याकडं बघत."

त्यांनी आत येऊन कडी लावली.

काकांना वाटलं चार दिवसांचा रुसवा आहे. त्यांनी मुलाला फोन केला, तर मुलगा म्हणाला आईला जे बरं वाटतं ते करू द्या. त्यांनी मला जिन्यात गाठलं. "मॅडम, तुमी समजावा तिला. तुमचं ऐकती ती." मी म्हणाले, "काका, मला न्हाणीचं काही कळत नाही." त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं, पण मला त्यांची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. एकदा तर ते स्वतः गरम पाण्याची बादली भरून खालच्या न्हाणीच्या दारात ठेवून बसले होते. काकू तिच्या बाजूने भिंतीला हात लावत गेल्या, आणि जिना चढून वर आल्या. त्या पाण्याने मग काकांनीच अंघोळ केली असेल. पाणी टाकून द्यायचे दिवस नव्हते.

असंच पुढचं सगळं वर्ष गेलं. मग मला बीडच्याच एका शाळेत नोकरी मिळाली आणि मी जागा सोडली. निघायच्या दिवशी मी पुस्तकं खोक्यात भरत होते, काकू खाली माझ्यासाठी धपाटे करत होत्या, आणि काका नव्या भाडेकरूंना जागा दाखवायला वर घेऊन आले. नवराबायको होते, बाईच्या कडेवर लहान मूल. काकांनी खोल्या दाखवल्या, गच्ची दाखवली, नळ कधी येतो ते सांगितलं. नवऱ्याने जागा पसंत आहे म्हटलं. तरी काका दारातच घुटमळत राहिले.

"एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "सकाळी आमची मंडळी अंघोळीला वर येईल. रोज. तेवढं चालवून घ्यावं लागंल."

"येऊ द्या की," ती बाई म्हणाली. "पण कावून? खाली न्हाणी न्हाई का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याला दोरी बांधत होते.

"हाय," ते म्हणाले. "माझ्या एकट्याची हाय."